वरून दिसू नये म्हणून

दिवाळीआधी अंगण सारवायला घेतलं की माझी आजी सुनांना सांगायची, "असं सारवा, की वरनं दिसलं नाय पायजे." सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सारवलेलं अंगण उठून दिसावं म्हणूनच बायकांची सगळी धडपड असायची. त्यामुळे शेजारणी बुचकळ्यात पडायच्या. आजी हातातल्या शेणाच्या गोळ्याकडे बघत म्हणायची, "भुजच्या बायांनी सारवलं हुतं तसं." मग कामं तशीच पडून राहायची, कारण ती गोष्ट तिला अर्धी सांगता येत नसे.

वडील हवाई दलात सार्जंट होते. १९८३ साली त्यांची कच्छमधल्या भुजला बदली झाली आणि पुढची तीन वर्षं आम्ही तिथल्या तळावर काढली. तळ हा वर्तमानपत्राचा शब्द. आम्ही 'कॅम्प' म्हणायचो. बदली आली की काळ्या ट्रंका बाहेर निघत, वडील त्यांच्यावरचं जुन्या स्टेशनचं नाव खरवडून पांढऱ्या रंगानं नवं लिहीत, आणि मला वाटे की घर म्हणजे या ट्रंकांवरची एक ओळ, दर तीन-चार वर्षांनी बदलणारी. क्वार्टरच्या एका बाजूला तंजावरचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला जालंधरचं. आमच्या गणपतीचे मोदक वळायला जालंधरच्या काकू यायच्या, लोहडीच्या रात्री आई त्यांच्या शेकोटीत तीळ टाकायची. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचा नवरा ड्यूटीवर अडकलेला असो, शेजारच्या घराची कडी वाजवायला कुणी वेळ पाहत नसे. माहेर सगळ्यांचंच दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासावर होतं.

कॅम्पात वर्षाचा मोठा दिवस ८ ऑक्टोबर. १९३२ मध्ये त्या तारखेला हवाई दलाची स्थापना झाली. वडील आदल्या रात्री बूट घेऊन बसत. चेरी ब्लॉसमची डबी, जुन्या बनियनचा तुकडा आणि वाटीत थोडं पाणी. बोटाला फडकं गुंडाळून ते टाचेपासून चवड्यापर्यंत लहान लहान गोल काढत आणि मला बुटात माझा चेहरा दाखवत. सकाळी परेड, दुपारी मुलांच्या शर्यती, बायकांची संगीत खुर्ची, संध्याकाळी हौजी. रात्री बडाखाना. एरवी ज्यांना वडील ताठ उभं राहून सॅल्यूट करायचे, ते अधिकारी त्या रात्री पुऱ्यांचं ताट घेऊन जवानांना वाढायला उभे राहत. घरी आल्यावर कोणत्या साहेबांनी काय वाढलं आणि कसा आग्रह केला, हे वडील आईला सविस्तर सांगायचे. जेवण काय होतं हे मात्र त्यांना कधीच आठवायचं नाही.

भुजचा स्वतःचा मोठा सण तारखेवर येत नाही, हे सांगायलाच हवं. शहराच्या मध्यावर हमीरसर तलाव आहे. एखाद्या चांगल्या पावसात तो भरून वाहू लागला की पाण्याची पूजा होते आणि अख्ख्या शहराला सुट्टी मिळते. वाळवंटाच्या काठावर राहणारी माणसं, त्यांनी कशाचा उत्सव करायचा हे नीट ठरवलेलं आहे.

डिसेंबर आला की कॅम्पातल्या बोलण्याचा नूर बदले. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. एकाहत्तर पाहिलेले जुने वॉरंट ऑफिसर थंडीत क्वार्टरसमोर खुर्च्या टाकून बसत आणि आम्ही मुलं पायाशी. ८ डिसेंबरच्या रात्रीची गोष्ट त्यांच्याकडून मी पहिल्यांदा ऐकली. पाकिस्तानची सेबर विमानं आली आणि भुजच्या धावपट्टीवर १४ नापाम बॉम्ब टाकून गेली. त्याच रात्री आपलं नौदल कराचीवर दुसऱ्यांदा चालून गेलं होतं. इकडे मात्र धावपट्टी उखडली होती, आणि विमान उडू शकत नाही अशा तळाला तळ म्हणण्यात अर्थ नसतो. दुरुस्तीला माणसं हवी होती. मजूर मिळेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मूळचे नागपूरचे. "म्हंजे आपलाच की," आजी म्हणाली होती. जिल्हा प्रशासनाकडून शेजारच्या माधापर गावात निरोप गेला आणि गावातून सुमारे ३०० बायका आल्या.

वॉरंट ऑफिसर काकांची गोष्ट इथे संपायची. "तीन दिन में रनवे रेडी," असं म्हणून ते चहाचा कप उचलायचे. त्या तीन दिवसांत काय झालं ते आम्हाला माधापरच्या बांनी सांगितलं.

माधापर भुजपासून तीनेक किलोमीटरवर. तिथल्या एका घरातून आमच्याकडे तूप यायचं. वडील रविवारी सायकलवर जायचे, मी पुढच्या दांडीवर. त्या घरच्या म्हातारीला सगळे 'बा' म्हणत, म्हणून आम्हीही. गावातल्या बऱ्याच घरांसारखेच याही घरचे पुरुष नैरोबीला आणि लंडनला. वाडा मोठा, माणसं थोडी. एकदा आम्ही अंगणात बसलेलो असताना कॅम्पाचा भोंगा वाजला. चाचणीचा असणार, वडील हललेसुद्धा नाहीत. बांनी मात्र माझं डोकं खसकन आपल्या मांडीत दाबलं आणि स्वतः माझ्यावर वाकल्या. तुपाचा, तंबाखूचा आणि उन्हात वाळलेल्या सुताचा वास अजून माझ्या नाकात आहे. भोंगा थांबल्यावर त्यांनी हात काढला, माझे विस्कटलेले केस सारखे केले आणि सांगायला लागल्या.

आकाशाची भीती त्यांना एकाहत्तरच्या आधीपासून होती. १९ सप्टेंबर १९६५ ला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं विमान कच्छमध्येच सुथरी गावाजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानानं पाडलं. मुख्यमंत्र्याचं विमान जिथे पडतं तिथे आपण कोण, असं तेव्हा घराघरांत बोललं जायचं. तरी सहा वर्षांनी निरोप आला तेव्हा बा निघाल्या. तान्हं मूल सासूकडे दिलं. कुणी दिलं शेजारणीकडे.

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम. दगड-खडी फोडायची, घमेल्यांनी वाहायची, खड्डे भरायचे. हिरवट साड्या नेसायला सांगितल्या होत्या, झुडपांत मिसळून जाव्यात म्हणून. भोंगा झाला की बाभळीच्या झुडपांत पळायचं, काट्यांत अंग टाकायचं, दुसरा इशारा झाला की पुन्हा धावपट्टीवर. पहिल्या रात्री उपाशी झोपल्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि गोड पदार्थ आले. हे सगळं सांगताना बांचा आवाज कुठेच वर चढला नाही. गोष्टीत शेण आलं तेव्हा मात्र त्या सरसावून बसल्या.

त्या वर्षी आजी आमच्याकडे राहायला आली होती आणि त्या दिवशी सोबत होती. तिला गुजराती येत नव्हतं, बांना मराठी येत नव्हतं, हिंदी दोघींनाही बेताचं. पण धावपट्टीवर शेण सारवलं होतं हे वडिलांनी सांगितल्यावर आजी उठून बांच्या जवळ जाऊन बसली. शेणात माती किती घातली, हा तिचा पहिला प्रश्न. बांनी मुठीनं माप दाखवलं. आजीनं मान हलवली, एवढ्यानं भेगा पडतात. बा म्हणाल्या, पडू देत, तीन दिवस टिकलं की पुरे. मग आजीनं विचारलं, हात कुठून कुठे फिरवला? बांनी अंगणाच्या कडेला बसून पंजा टेकवला आणि डावीकडून उजवीकडे अर्धगोल काढला. आजीनं शेजारीच तिचा काढला, उजवीकडून डावीकडे. त्या 'छाण' म्हणत होत्या, ही 'शेण'. त्या 'लींपण' म्हणत होत्या, ही 'सारवण'. दोघी बराच वेळ कोरड्या जमिनीवर नुसते हात फिरवत बसल्या होत्या आणि वडील तुपाची बरणी मांडीवर घेऊन गप्प होते.

निघताना बा म्हणाल्या ते वडिलांनी आजीला समजावून सांगितलं. आयुष्यभर लिंपलं ते घर दिसावं म्हणून. तेवढे तीन दिवस लिंपलं ते वरून दिसू नये म्हणून.

आजीनं ते वाक्य पदराला बांधून गावी नेलं.

७२ तासांत धावपट्टी तयार झाली. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिच्यावरून विमान उडालं. पुढे इंदिरा गांधींच्या काळात या बायकांना ५० हजार रुपयांचं बक्षीस मिळालं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावाच्या सभागृहासाठी दिलं. या प्रसंगाला सगळे शौर्य म्हणतात आणि ते खरंच आहे. पण शौर्य म्हटलं की त्यातली कारागिरी झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. माती आणि शेणाचं पाणी किती धरायचं, थर किती जाड द्यायचा, तो किती वेळात सुकेल हे कच्छच्या बाईच्या हाताला ठाऊक होतं. 'भुंगा' म्हणतात त्या मातीच्या घरांत आरसे बसवून केलेलं लिंपणकाम आज लोक दिवाणखान्यात टांगतात, त्याच हातांची ही विद्या. बंदुकीचं शिक्षण नसलेल्या बाईकडे देशाला उपयोगी पडेल असं काय आहे, हे ओळखणारा अधिकारीही तितकाच मोठा. खुल्या मैदानात ३०० बायका कामाला लावायच्या आणि एकेकीच्या जिवाची जबाबदारी आपल्या डोक्यावर घ्यायची, हा निर्णय कर्णिकांनी घेतला होता.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी आम्ही गावी टीव्ही लावून दिल्लीच्या परेडची वाट बघत बसलो होतो. पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरलं. भुजचं जुनं शहर ढासळलं, तळावरच्या वसाहतीतही घरं कोसळली, वायुसैनिक गेले, त्यांची बायकामुलं गेली. वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी ते दिवसभर एकेक नाव घेत होते, कोण अजून तिथे असेल, कुणाच्या मुलाला तिथेच पोस्टिंग मिळालं होतं. मग बातम्यांत हवाई दलाची विमानं भुजला उतरताना दिसली. औषधं, तंबू, डॉक्टर घेऊन आलेली. आजी पंचाऐंशीची होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "त्याच पट्टीवर उतरलं का रं?" वडील म्हणाले, "हो, त्याच."

माधापरला २०१५ मध्ये या बायकांच्या नावे 'वीरांगना स्मारक' झालं, एकाहत्तरनंतर ४४ वर्षांनी. २०२१ मध्ये या घटनेवर चित्रपटही आला. स्मारक बघायला मी गेले तेव्हा आजी नव्हती आणि बाही नव्हत्या. त्यांचं घर शोधत गेले. सुनेनं मला ओळखणं शक्यच नव्हतं, पण "सातारावाली आजी" म्हटल्यावर तिनं हात धरून आत नेलं. आता घरात सगळीकडे चकचकीत फरशी आहे. मागच्या दाराशी तुळशीसमोर तेवढा एक चौकोन लिंपलेला होता, ताजा, कडेला अजून ओलसर.

"बा असताना त्या करायच्या. आता मी," सून म्हणाली.

मी खाली बसून बघितलं. बोटांचे अर्धगोल एकात एक अडकत गेले होते, डावीकडून उजवीकडे.