घड्याळ दुरुस्ती : हाताने शिकण्याची विद्या

लग्नघरी घंगाळातील पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र एकेकाळी मुहूर्ताची वेळ सांगत असे. तळाला बारीक छिद्र असलेले हे पात्र भरून बुडाले, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली, असे मानले जाई. त्याला दुरुस्तीची फारशी गरज नव्हती. चाकांचे घड्याळ आले आणि त्याच्यासोबत घड्याळ दुरुस्त करणारा कारागीरही आला. जावळी तालुक्याचे मुख्यालय असलेल्या मेढ्यासारख्या गावातही एक टेबल, चांगला उजेड आणि स्थिर हात एवढ्या भांडवलावर सुरू होऊ शकेल, असा हा व्यवसाय आहे. मात्र तो शिकवणारे हात आता कमी होत चालले आहेत.

घड्याळ चालते कसे?

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. १६७५ मध्ये त्यांनी बॅलन्स व्हीलला सर्पिल केसस्प्रिंगची जोड दिली आणि खिशातील घड्याळ भरवशाचे झाले. चावी दिल्यावर मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. तिची शक्ती चक्रांच्या साखळीतून पुढे जाते आणि बॅलन्स व्हीलच्या प्रत्येक हेलकाव्याला थोडीथोडी सुटते. एचएमटीच्या 'जनता' या १७ ज्युएलच्या घड्याळात तासाला १८ हजार, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार ठोके पडतात. दिवसाकाठी ३० सेकंदांचा फरक म्हणजे २,८८० भागांत एका भागाची चूक. कारागिराला जमवायची ती एवढी अचूकता.

शिक्षणाचा क्रम

नवशिक्याला प्रथम गजराचे किंवा भिंतीवरचे घड्याळ द्यावे. त्याचे भाग मोठे असल्याने नजर आणि बोटे तयार होतात. भिंग, चिमटा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर हाताळण्याचा सराव झाल्यावरच मनगटी घड्याळ उघडावे. भाग सुटे करताना ते क्रमाने मांडणे हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. आत शिल्लक असलेला मेनस्प्रिंगचा ताण आधी सावकाश सोडावा लागतो. तसे न करता पॅलेट काढले, तर चक्रे एकदम भरधाव फिरून त्यांची सुईसारखी टोके मोडू शकतात. त्यानंतर भाग धुणे, झिजलेला भाग ओळखणे, जोडणी आणि तेल देणे. तेल मोजकेच हवे. केसस्प्रिंगला ते लागले, तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावते. चुंबकाच्या प्रभावानेही हेच होते. जावळीच्या दमट पावसाळ्यात आत ओल शिरून गंज धरतो. त्यामुळे पाणी गेलेले घड्याळ तत्काळ उघडणे, हाही शिक्षणाचा भाग ठरतो.

क्वार्ट्झनंतर

१९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरमध्ये घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. नोकरीला लागल्यावर घेतलेले किंवा लग्नात मिळालेले घड्याळ घरोघरी जपले जाऊ लागले आणि त्याबरोबर दुरुस्तीचे कामही वाढले. डिसेंबर १९६९ मध्ये सायकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाने बॅलन्स व्हीलची जागा घेतली. स्वस्त घड्याळाचे संपूर्ण यंत्रच बदलता येऊ लागले आणि पुढे वेळ पाहण्यासाठी मोबाइल आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे बंद पडलेल्या घड्याळांतील सुटे भागच आता जुन्या घड्याळांना आधार देतात.

विद्या टिकावी कशी?

यांत्रिक घड्याळनिर्मितीच्या स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील कौशल्याला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे हे कौशल्य बहुधा दुकानातच, वडिलांकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून उमेदवाराकडे गेले. पुस्तकातून चक्रांची नावे समजतात. स्क्रू किती आवळावा, हे मात्र बोटांनाच कळते. सेल आणि पट्टे बदलण्यातून नवशिक्याचा रोजचा खर्च भागू शकतो, तर जुन्या चावीच्या घड्याळांतून हात तयार होतो. ही जोडी जमवून एखाद्या अनुभवी कारागिराजवळ नियमाने बसणारा तरुण मिळाला, तरच आजोबांचे थांबलेले घड्याळ पुन्हा चालू करणारा माणूस गावातच सापडेल.