गिरनारच्या वाटेवरचा दगड

गिरनारला जाऊन आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो पायऱ्यांचा. दहा हजार म्हणतात त्या खऱ्याच का हो? मग गुडघ्यांची गोष्ट निघते, डोलीच्या भाड्याची निघते आणि दत्तशिखरावरच्या पादुकांचे दर्शन झाले की नाही याची चौकशी होते. २०२० सालच्या ऑक्टोबरात अंबामातेच्या शिखरापर्यंत रोपवे सुरू झाला, तेव्हापासून त्याचीही भर पडली आहे. पण या सगळ्या यात्रेकरूंना वाटेत एक दगड लागतो, त्याबद्दल सहसा कोणी विचारीत नाही. आज मी त्या दगडाची हकीकत सांगणार आहे. ती पाण्याची आणि फुटलेल्या बांधाची हकीकत आहे. तेव्हा माझ्यासारख्या पुस्तकी माणसापेक्षा ती शेतकरी श्रोत्यांनाच अधिक कळेल, असे वाटते.

गिरनार हा सौराष्ट्रातला डोंगर. गुजरातेतले सर्वांत उंच शिखर, गोरखनाथाचे, याच डोंगरावर आहे. उंची अकराशे मीटरांहून थोडी अधिक. जैनांचे बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे हे निर्वाणस्थान. त्यांची देखणी मंदिरे साधारण अर्ध्या चढावर आहेत, आणि वस्तुपाल मंत्र्याने तेराव्या शतकात बांधविलेले मंदिरही तिथेच. पुढे अंबामाता, मग गोरखनाथ, मग दत्तात्रेय. पायथ्याशी भवनाथ महादेव, तिथे महाशिवरात्रीची जत्रा. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत लाखो माणसे जंगलातून या डोंगराला छत्तीस किलोमीटरांची प्रदक्षिणा घालतात. इतके पंथ एका डोंगरावर नांदायचे म्हणजे भांड्याला भांडे लागतेच, आणि इथेही ते लागत आले आहे.

जुनागड शहरातून भवनाथाकडे निघाले, की दामोदर कुंडाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक इमारत दिसते. तिच्या आत तो दगड आहे. दगड कसला, सुमारे बारा फूट उंचीचा एक कातळच तो. आमच्या गटातले एक वयस्क वारकरी बाहेर उभे राहूनच मला म्हणाले, "सर, दगड काय बघायचा? वर ऊन होईल." त्यांचे चूक नव्हते. चढायचे असेल तर पहाटेच निघावे लागते. परतताना बघू, असे ठरले.

या एका कातळावर तीन राजवटींचे लेख आहेत. सर्वांत जुना अशोकाचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, ब्राह्मी लिपीत. त्यात त्याच्या चौदा आज्ञा आहेत. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय केली, वाटांवर विहिरी खणविल्या, असे तो सांगतो. आपल्या पंथाची थोरवी गाताना दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, असेही सांगतो. वरच्या शिखरांवरचे तंटे आठवले, म्हणजे ही आज्ञा नेमक्या जागी कोरली असे वाटते!

दुसरा लेख महाक्षत्रप रुद्रदामन याचा. त्यातले साल आहे ७२. हा आपल्या पंचांगातलाच शक, म्हणजे इ.स. १५०. लेख संस्कृत गद्यात आहे, आणि इतका मोठा व शुद्ध संस्कृत शिलालेख त्याआधीचा सापडलेला नाही. म्हणून विद्वानांना त्याचे अप्रूप. पण मजकूर पाहा.

डोंगरातून निघणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्या अडवून इथे सुदर्शन नावाचे तळे केलेले होते. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने ते बांधले. अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाणी वाहून नेणाऱ्या 'प्रणाली' जोडल्या. आपली पन्हळ ती याच घराण्यातली. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातल्या पहिल्या दिवशी प्रचंड वादळी पाऊस झाला. पावसाळा सरल्यावरचा हा पाऊस. अवकाळी काय करतो ते तुम्हांला मी सांगायला नको. झाडे, बुरूज, गच्च्या कोसळल्या आणि बांधाला चारशेवीस हात लांब, तितकीच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल खांड पडली. सगळे पाणी निघून गेले. 'सुदर्शन' तळे 'दुर्दर्शन' झाले, असा श्लेष लेखकाने केला आहे. वाळवंटासारखे दिसू लागले म्हणतो.

आता पुढचा भाग. राजाने मंत्र्यांना विचारले. सल्ला देणारे सचिव आणि कामे पाहणारे सचिव, दोघांचेही मत पडले की खांड फार मोठी आहे, हे काम होणार नाही. बांध पुन्हा उभा राहत नाही म्हटल्यावर लोकांनी हाय खाल्ली, हाहाकार केला. तेव्हा त्या प्रांताचा अमात्य सुविशाख पुढे आला. हा पह्लव, कुलैपाचा मुलगा. म्हणजे मूळचा इराणकडचा. त्याने काम तडीस नेले, आणि बांध पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत केला.

आणि पैसा? लेखात आवर्जून सांगितले आहे, की कर, विष्टि आणि प्रणय यांनी प्रजेला न पीडता राजाने स्वतःच्या खजिन्यातून खर्च केला. विष्टि म्हणजे वेठ. आपला शब्द त्यातूनच आला. प्रणयाला वर्गात मुले हसतात. इथे त्याचा अर्थ, प्रेमाची भेट म्हणून सरकाराने उकळलेली रक्कम! राजाची स्तुती हे अशा लेखाचे कामच असते, तेव्हा सगळे शब्दशः धरू नये. पण ज्या गोष्टी केल्या नाहीत म्हणून मिरवले, त्या एरवी होत असत, एवढे त्यावरून नक्की कळते. शिक्षकबंधूंनी मुलांना शिलालेख असा वाचायला शिकवावा.

याच लेखात रुद्रदामन म्हणतो, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळचे नाते म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. हा सातकर्णी आपल्याकडचा सातवाहन राजा. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या एका लेखात सातकर्णीच्या राणीला महाक्षत्रपाची मुलगी म्हटले आहे, त्यावरून हे सासऱ्या-जावयाचे नाते असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तिसरा लेख स्कंदगुप्ताच्या काळचा. इ.स. ४५५ च्या सुमारास, भाद्रपदात, रात्रीच्या वेळी तळे पुन्हा फुटले. लोक रात्रंदिवस चिंतेत पडले. प्रांताधिकारी पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित नगराचा कारभार पाहत होता. त्याने पुढच्या उन्हाळ्यात काम धरले आणि अपार खर्च करून दोन महिन्यांत बांध पुरा केला. पाऊस दारात यायच्या आत काम उरकायचे, हा हिशेब तेव्हाही तोच होता.

हे लेख पुन्हा वाचले गेले एकोणिसाव्या शतकात. अशोकाची लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास उलगडली. पुढे १८६० नंतरच्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथल्या संस्कृत लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. त्यांच्या हाताखाली राबणारे भगवानलाल इंद्रजी खुद्द जुनागडचे. लहानपणापासून हा कातळ पाहत वाढलेले.

स्कंदगुप्तानंतर मात्र सुदर्शनाचे नाव दगडावर येत नाही. साडेसातशे वर्षे ज्या तळ्यासाठी एवढी खटपट झाली, ते आज नाही. दुपारी खाली उतरल्यावर मी ते वारकरी आजोबांना दाखवले आणि ही हकीकत सांगितली. त्यांनी अक्षरांकडे फारसे पाहिले नाही. बाहेर येऊन, डोळ्यांवर हात धरून ते समोरच्या टेकड्या न्याहाळू लागले. "बांध इथं घातला असेल बघा. नाही, त्या तिथं, अरुंद आहे तिथं." असे करीत ते बराच वेळ बोटाने जागा दाखवीत राहिले. तेवढ्यात गाडीवाल्याने भोंगा वाजवला.