लॅटिन धातुसाधित विशेषणें आणि आपला धर्मग्राम

महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची वही चाळीत असतां एका गोष्टीकडे आमचें लक्ष वेधलें. आपल्या या बुलढाणा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या व नोकरदारांच्या मुलांना व्हिन्सेंट, बेनेडिक्ट, अमांडा अशीं नांवें ठेवलेलीं आहेत. हीं तिन्ही मुळांत लॅटिन क्रियापदांपासून झालेलीं विशेषणें, म्हणजेच धातुसाधित विशेषणें होत.

लॅटिन भाषेंत अशीं विशेषणें चार प्रकारचीं आहेत. पहिलें चालू क्रिया दाखवितें: 'विंचेन्स' म्हणजे जिंकणारा, त्यावरून व्हिन्सेंट. दुसरें झालेली क्रिया दाखवितें: 'बेनेदिक्तुस' म्हणजे आशीर्वाद लाभलेला. तिसरें पुढील क्रिया सांगतें: 'वेन्तूरुस' म्हणजे येणार असलेला. चौथें कर्तव्य किंवा योग्यता सांगतें: 'आमान्दा' म्हणजे जिच्यावर प्रेम करावें अशी. मराठींतहि जिंकणारा, जिंकलेला, जिंकावयाचा अशीं रूपें आहेतच. तेव्हां हें प्रकरण आपणांस परकें वाटूं नये.

हें ज्ञान केवळ शाळेपुरतें नाहीं. 325 सालीं निकेया येथें भरलेल्या धर्मसभेंत अशाच दोन रूपांना मोठें महत्त्व आलें. पुत्र हा निर्माण केलेला आहे, असें आरियुसाचें म्हणणें होतें. सभेनें आपला निर्णय ग्रीक भाषेंत दिला. लॅटिनमध्यें तो 'जेनितुम' व 'फाक्तुम' या शब्दांनीं उतरला. पुत्र जन्मलेला आहे, घडविलेला नव्हे. सुतार तिफण घडवितो, पण ती सुताराच्या जातीची होत नाहीं. पित्याचा पुत्र मात्र पित्याच्याच स्वभावाचा असतो. दोन्ही विशेषणें एकाच प्रकारचीं. परंतु धातु बदलला कीं श्रद्धाच बदलते.

आपल्या देशी भाषांकडे याच बारकाईनें पाहणारे पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. ते 1579 सालीं गोव्यास आले. त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 सालीं प्रसिद्ध झालें. लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 सालीं, रायतूर येथें छापलें गेलें. लॅटिन शिकलेला मनुष्य लोकांची बोली तुच्छ लेखतो, हा समज त्यांनीं खोटा ठरविला.

पुढें व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेंत देशी भाषांना वाव दिला. आपली मिस्सा मराठींत होऊं लागली, आणि अर्थ सांभाळण्याची जबाबदारी आपल्या भाषेवर आली. म्हणून श्रद्धाप्रकटन म्हणतांना 'जन्मलेला' व 'घडविलेला' यांतील अंतर मुलांना समजावून सांगणें, हें आईबापांचें व आमचें काम आहे.

आमच्या नांवाआधीं लागणारी 'रेव्हरंड' ही पदवीहि चौथ्या प्रकारांतलीच: आदर करावा असा. ती झालेल्या कामाची पावती नव्हे. ज्यास ती लाभली, त्यानें तिला पात्र राहावयाचें असतें. धर्मग्रामाचेंहि तसेंच आहे. वाडवडिलांनीं तो स्थापिलेला आहे. तो वाढवावयाचा आहे आपण.