मागे झुकलेले पंख : ‘टायगर मॉथ’ची रचना

१/ गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तेथे वैमानिक घडविले जातात. त्याच युद्धकाळात जोधपूर व बेगमपेठ येथील प्रशिक्षणशाळांत नवशिक्यांच्या हाती जे विमान दिले जाई, ते होते ‘टायगर मॉथ’.

२/ डी हॅव्हिलँड कंपनीचे हे द्विपंखी विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले. त्याच्या पूर्वज ‘मॉथ’मध्ये एक जीवघेणी अडचण होती. शिक्षक पुढच्या आसनावर बसे. वरच्या पंखाचा मध्यभाग आणि त्यातील इंधनटाकी नेमकी त्याच्या डोक्यावर येई, भोवती आधाराचे दांडे असत. संकटसमयी पॅराशूटसह बाहेर पडणे दुरापास्त होते.

३/ म्हणून तो मध्यभाग पुढे सरकविण्यात आला. पण त्याने विमानास वर उचलणाऱ्या बलाचे केंद्रही पुढे जाऊन तोल बिघडला असता. तो सावरण्यासाठी पंख मागे झुकविले गेले. विमानाची ओळख ठरलेला हा डौल शोभेसाठी नव्हता. तो शिक्षकाच्या प्राणांसाठी होता.

४/ १३० अश्वशक्तीचे इंजिन, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले पंख, संभाषणासाठी साधी नळी, ब्रेक नाहीतच. हे विमान उडविणे सोपे, अचूक उडविणे मात्र कठीण. विद्यार्थ्याची चूक ते लपवीत नसे, आणि उत्तम प्रशिक्षक-विमानाचे लक्षण हेच.

५/ ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूर येथे ‘एचटी-२’ हे एकपंखी प्रशिक्षक-विमान उडाले. पुढे भारतीय हवाई दलात त्याने ‘टायगर मॉथ’ची जागा घेतली. त्याचे रचनाकार होते डॉ. विष्णु माधव घाटगे, एक मराठी अभियंता.