भोकांनी घडवलेल्या गाड्या

गाडीचा सांगाडा मजबूत हवा, हे शाळकरी पोरालाही कळतं. पाँटिॲकच्या इंजिनिअरांनी मात्र 1963च्या मॉडेलच्या काही निवडक ‘कॅटॅलिना’ गाड्यांच्या चासीला ड्रिल लावलं आणि तिची अक्षरशः चाळण करून टाकली. भरभक्कम पोलादी पेटीला ओळीने गोल भोकं, आणि पुढचा पत्रा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा. या गाड्यांना पाव मैल सरळ धावायचं होतं, त्यामुळे चासी पाच वर्षांत पिचली तरी कुणाला फिकीर नव्हती. भोकाभोकांच्या स्विस चीजवरून त्यांना नावही पडलं. अशा जेमतेम 14-15 गाड्या बनल्या. जानेवारी 1963मध्ये जनरल मोटर्सने पाँटिॲकसह आपल्या सगळ्या शाखांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं आणि तो उद्योग तिथेच थांबला.

फोर्डवर असं बंधन नव्हतं. 1964च्या ‘थंडरबोल्ट’मध्ये त्यांनी फेअरलेनच्या मध्यम आकाराच्या शरीरात 427 घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन कोंबलं आणि बाकी जे निघेल ते काढलं. बॉनेट फायबरग्लासचं केलं. रेडिओ गेला, गालिचा गेला, जॅक आणि स्टेपनी गेली, इतकंच काय, शेजारच्या सीटसमोरचा वायपरसुद्धा गेला. एका वायपरचं वजन ते किती! पण लग्नघरात नारळ मोजावेत तसे हे लोक किलो मोजत होते.

सरळ रस्त्यावर हे सगळं ठीक होतं. वळण आलं की या दांडग्या इंजिनांच्या ‘मसल कार’ गाड्यांची भंबेरी उडायची. पुढे जडशीळ व्ही-8 इंजिन, मागे अखंड आस आणि त्याखाली टांग्याच्या काळापासून चालत आलेले कमानपाटे. जोरात वळवलं की गाडी बाहेरच्या अंगाला झुकायची, बाहेरचं पुढचं चाकही तिच्यासोबत कलायचं आणि टायर नुसत्या कडेवर घासत राहायचा. इंजिनाची ताकद कितीही असली तरी ती रस्त्यावर उतरते ती टायरच्या तळहाताएवढ्या जागेतून. नेमकी तीच जागा निसटत होती.

एप्रिल 1964मध्ये आलेली फोर्डची मस्टँग काही वेगळी नव्हती. दिसायला देखणी, पण साध्यासुध्या फाल्कनच्या सांगाड्यावर उभारलेली. जाणकार तिला मसल कार म्हणायलाही तयार नसतात, ‘पोनी कार’ म्हणतात. तो वाद बाजूला ठेवू, कारण वळणाचा प्रश्न ज्यांनी खऱ्या अर्थाने सोडवला त्यांनी तो याच गाडीवर सोडवला.

कॅरोल शेल्बी हा टेक्ससचा गडी. एके काळी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या, 1959मध्ये ॲस्टन मार्टिनमधून ल मान्सची शर्यत जिंकली होती आणि हृदयविकारामुळे ड्रायव्हिंग सोडलं होतं. मस्टँगला स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत उतरवण्याचं काम फोर्डने त्याच्याकडे सोपवलं. एससीसीए या अमेरिकन संस्थेची अट अशी होती की गाडी दोन सीटांची हवी आणि 1 जानेवारी 1965पर्यंत तशा 100 गाड्या तयार हव्यात. शिवाय शर्यतीच्या गाडीत इंजिन किंवा सस्पेन्शन, दोहोंपैकी एकच विक्रीच्या गाडीहून वेगळं चालेल. शेल्बीने शर्यतीचं सस्पेन्शन सरसकट सगळ्या गाड्यांना देऊन टाकलं आणि इंजिनावरची करामत शर्यतीच्या गाड्यांसाठी राखून ठेवली. या साऱ्या कहाणीतला सर्वांत धूर्त निर्णय कुठला, तर हाच.

मागची सीट काढली, तिच्या जागी फायबरग्लासचा तक्ता बसवून त्यावर स्टेपनी ठेवली. झाल्या दोन सीटा! बॅटरी पुढून उचलून डिकीत गेली, म्हणजे पुढचा भार मागे सरकला. कोनी कंपनीचे शॉकअप आले, पुढे झुकणं रोखणारा एक इंच जाडीचा आडवा दांडा आला. पण खरी कमाल होती चार भोकांची. पुढच्या चाकांचे वरचे आर्म जिथे बोल्टने बसतात, त्या जागा एक इंच खाली घेतल्या. एवढ्याने काय होतं? गाडी झुकली की आता बाहेरच्या चाकाचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो. भूमितीचं हे गणित फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याचं. म्हणून या बदलाला काही जण ‘आर्निंग ड्रॉप’ म्हणतात, बहुतेक जण मात्र ‘शेल्बी ड्रॉप’. श्रेय कुणाच्या नावावर चढतं, याचा हाही एक नमुना.

14 फेब्रुवारी 1965 रोजी टेक्ससमधल्या ग्रीन व्हॅलीत शेल्बीचा ड्रायव्हर केन माइल्स याने ही मस्टँग, म्हणजे ‘जीटी350’, पहिल्यांदा शर्यतीत उतरवली आणि जिंकली. चारही चाकं जमिनीवरून उचललेली तिथली छायाचित्रं आजही छापली जातात. गिऱ्हाइकांचा अनुभव इतका हवाई नव्हता. डिकीतल्या बॅटरीच्या वासाने लोक वैतागले, तेव्हा ती पुन्हा पुढे आली. 1966मध्ये मागची सीट परतली आणि सुरुवातीच्या गाड्या संपल्यावर ती चार भोकंही खर्च वाचवण्यासाठी गाळली गेली.

वजन घटवण्याचा ध्यास तिकडे अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेत ॲसिडपर्यंत पोहोचला. रॉजर पेन्स्कीच्या संघाने शेव्हरोले कॅमारोचा अख्खा सांगाडा ॲसिडमध्ये बुडवून पत्रा पातळ करून घेतला. नियमात किमान वजन ठरलेलं असताना हा खटाटोप कशाला? तर वरचं काढलेलं वजन खाली, हव्या त्या जागी भरता येतं आणि गाडीचा गुरुत्वमध्य उतरतो. या संघाच्या मार्क डोनह्यूने 1968मध्ये 13 पैकी 10 शर्यती मारल्या. 1969च्या गाडीच्या पातळ छताला सुरकुत्या पडल्या, तेव्हा त्यावर काळं व्हिनाइल चढवलं गेलं. बघणाऱ्यांना ती फॅशन वाटली.

जुन्या मस्टँगवर हौसेने काम करणारे आजही सुरुवात शेल्बीच्या त्या भोकांपासूनच करतात. भोकांसाठी तयार साचा विकत मिळतो. तो जुन्या बोल्टांच्या जागी धरायचा आणि एक इंच खाली ड्रिल मारायचं. खरे कष्ट आणि खरा धोका आहे तो आवळलेली स्प्रिंग काढण्यात. भोकं चारच, दोन डावीकडे, दोन उजवीकडे.