मेश नेटवर्कवरील राउटर फर्मवेअर चाचणी

मेश नेटवर्कवरील राउटर फर्मवेअर चाचणी म्हणजे घरातील किंवा लहान इमारतीतील, एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या राउटरांवर फर्मवेअरची नवी आवृत्ती बसवून ती स्थिर, सुरक्षित आणि जुन्या आवृत्तीशी सुसंगत आहे की नाही, हे पडताळण्याची प्रक्रिया होय. एकट्या राउटरवर फसलेली चाचणी त्या एका साधनापुरती मर्यादित राहते. मेश नेटवर्कमधील राउटर, म्हणजेच नोड, परस्परांवर अवलंबून असतात; त्यामुळे एका नोडवरील बदलाने त्याच्या पलीकडील सर्व नोडांचा संपर्क तुटू शकतो. म्हणून नोड कोणत्या क्रमाने अद्ययावत करायचे आणि गरज पडल्यास जुन्या आवृत्तीकडे कसे परतायचे, हे या चाचणीतील दोन मुख्य प्रश्न ठरतात. या लेखातील तांत्रिक तपशील प्रामुख्याने ओपनडब्ल्यूआरटी या मुक्तस्रोत फर्मवेअरच्या संदर्भात दिले आहेत.

पार्श्वभूमी

राउटरच्या फ्लॅश स्मृतीत कायमस्वरूपी साठवलेल्या आणि त्याचे सर्व कार्य चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. घरगुती राउटरवर उत्पादकाऐवजी इतरांनी तयार केलेले फर्मवेअर वापरण्याची सुरुवात लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरपासून झाली. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेल्या या राउटरमधील फर्मवेअर लिनक्सवर आधारित असल्याचे पुढे लक्षात आले. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार अशा सॉफ्टवेअरचा स्रोत वापरकर्त्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक असल्याने २००३ मध्ये तो खुला करण्यात आला. त्याच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. २०१६ मध्ये काही विकासकांनी वेगळे होऊन लीड हा प्रकल्प काढला; २०१८ च्या सुरुवातीस दोन्ही प्रकल्प ओपनडब्ल्यूआरटी याच नावाने पुन्हा एकत्र आले.

घरगुती राउटर अनेक वर्षे चालू राहतो. परंतु उत्पादकाकडून मिळणारी अद्यतने बहुधा त्याआधीच थांबतात. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या दुष्ट आज्ञावलीने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख राउटर व साठवण साधने बाधित केल्याचा अंदाज सिस्को टॅलोस या संशोधन गटाने प्रसिद्ध केला होता. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीतील ‘क्रॅक’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर केली. या त्रुटीचा धोका मुख्यतः ग्राहक साधनांना होता. दुसऱ्या राउटरशी ग्राहकाप्रमाणे जोडले जाणारे रिपीटर या धोक्याच्या कक्षेत येत असल्याने त्यांचे फर्मवेअर बदलणे आवश्यक ठरले.

मेश नेटवर्कची रचना

घरगुती मेश नेटवर्कमध्ये एक नोड मोडेम किंवा फायबर जोडणीशी तारेने जोडलेला असतो. त्याला प्रवेशद्वार नोड म्हणतात. उर्वरित नोड त्याच्याशी थेट किंवा मधल्या नोडांमार्फत बिनतारी संपर्क ठेवतात. नोडांमधील या दुव्याला बॅकहॉल असे नाव आहे. बॅकहॉल व ग्राहक साधने यांच्यासाठी एकच रेडिओ वापरला गेल्यास प्रत्येक टप्प्यावर उपलब्ध वेग साधारण निम्म्याने घटतो, कारण तीच माहिती त्याच वाहिनीवर दोनदा पाठवावी लागते.

नोडांमधील मार्ग ठरवण्यासाठी वेगवेगळ्या पद्धती आहेत. आयईईई ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये मंजूर झाले. बॅटमॅन-अ‍ॅडव्ह ही दुसरी पद्धत जर्मनीतील फ्रायफुंक या सामुदायिक नेटवर्क चळवळीत विकसित झाली आणि २०११ मध्ये लिनक्सच्या २.६.३८ या आवृत्तीत समाविष्ट झाली. अनेक व्यावसायिक मेश संचांत उत्पादकाची स्वतःची पद्धत असते. वेगवेगळ्या उत्पादकांची साधने एकत्र चालावीत यासाठी वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हा प्रमाणन कार्यक्रम सुरू केला.

फर्मवेअरच्या आवृत्त्या

ओपनडब्ल्यूआरटीच्या आवृत्त्या तीन अवस्थांत उपलब्ध होतात. स्थिर आवृत्ती नित्य वापरासाठी असते. स्थिर आवृत्ती जाहीर होण्यापूर्वी चाचणीसाठी दिल्या जाणाऱ्या आवृत्तीस रिलीज कँडिडेट म्हणतात. स्नॅपशॉट ही चालू विकासशाखेतून स्वयंचलितपणे तयार होणारी आवृत्ती असून तिच्यात ‘लुसी’ हे ब्राउझरमधून वापरायचे व्यवस्थापन पान सहसा अंतर्भूत नसते. त्यामुळे स्नॅपशॉट बसवल्यानंतर राउटरशी एसएसएचद्वारे आज्ञा देऊन संपर्क साधावा लागतो.

चाचणीपूर्व तयारी

फर्मवेअर फाइल राउटरच्या नेमक्या मॉडेलसाठी असणे आवश्यक असते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या राउटरांत हार्डवेअर आवृत्तीनुसार वेगळी चिप किंवा कमी-अधिक फ्लॅश असू शकते. म्हणून साधनाच्या तळाशी छापलेली आवृत्तीही तपासली जाते. ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट रॅम यांहून कमी क्षमतेची साधने ओपनडब्ल्यूआरटीच्या सध्याच्या आवृत्त्यांसाठी अपुरी मानली जातात. डाउनलोड केलेली फाइल अखंड आहे की नाही, हे प्रकाशित एसएचए-२५६ मूल्याशी ताडून पाहता येते.

प्रत्येक नोडच्या मांडणीची प्रत आधी काढून ठेवली जाते. या फाइलमध्ये वाय-फायचा पासवर्ड व इतर गुप्त कळा वाचता येण्याजोग्या स्वरूपात असल्यामुळे ती सुरक्षित जागी ठेवावी लागते. जुन्या आवृत्तीची फाइल, नव्या आवृत्तीची फाइल आणि पुनर्प्राप्तीची माहिती संगणकावर आधीच उतरवून घेणे हिताचे असते. चाचणी फसल्यास ती शोधण्यासाठी लागणारे इंटरनेटच बंद झालेले असू शकते.

नवे फर्मवेअर फ्लॅशमध्ये लिहिले जात असताना वीज गेल्यास बूट होण्यासाठी आवश्यक भाग अर्धवट राहतो. हे लेखन काही मिनिटांत पूर्ण होते. महाराष्ट्रातील ग्रामीण भागांप्रमाणे जेथे भारनियमन असते, तेथे राउटर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर जोडून हे काम केल्याने हा धोका टळतो.

चाचणीचा क्रम

पहिली चाचणी शक्यतो त्याच मॉडेलच्या, नेटवर्कबाहेर ठेवलेल्या राउटरवर केली जाते. साधन सुरू होते का, दोन्ही रेडिओ चालू होतात का आणि जुनी मांडणी नव्या आवृत्तीत लागू पडते का, हे येथे कळते. मांडणी प्रत्येक वेळी लागू पडेलच असे नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ या आवृत्तीत अनेक साधनांवरील तारेच्या पोर्टची हाताळणी जुन्या पद्धतीऐवजी डीएसए या पद्धतीने होऊ लागली. अशा साधनांवर जुनी मांडणी कायम ठेवून अद्यतन करण्यास सिसअपग्रेड ही प्रणाली नकार देते आणि मांडणी नव्याने करावी लागते.

यानंतर चालू नेटवर्कमधील नोड बाहेरून आत या क्रमाने अद्ययावत केले जातात. प्रवेशद्वारापासून सर्वांत दूर असलेल्या, ज्याच्यावर दुसरा कोणताही नोड अवलंबून नाही, अशा नोडपासून सुरुवात होते. तो बिघडल्यास घराचा एकच कोपरा जोडणीविना राहतो. नंतर मधले नोड आणि सर्वांत शेवटी प्रवेशद्वार नोड घेतला जातो. हा क्रम उलटा केला आणि नव्या आवृत्तीचा मेश दुवा जुन्या आवृत्तीशी जुळला नाही, तर बाहेरचे सर्व नोड एकाच वेळी तुटतात; त्यांच्यावर नवी फाइल बिनतारी मार्गाने पाठवण्याची सोयही उरत नाही. अशा वेळी प्रत्येक नोडपाशी जाऊन तारेने जोडणी करावी लागते.

दोन आवृत्त्या परस्परांशी बोलणार नाहीत हे आधीच ठाऊक असल्यास नवी फाइल प्रथम सर्व नोडांवर पोहोचवली जाते. मग बाहेरच्या नोडांपासून सुरुवात करून लागोपाठ अद्यतन केले जाते. अद्ययावत झालेला प्रत्येक नोड प्रवेशद्वार बदलेपर्यंत नेटवर्कबाहेरच राहतो, आणि शेवटचे अद्यतन पूर्ण झाल्यावर सर्व नोड पुन्हा जोडले जातात.

मोजमाप

नवी आवृत्ती जुनीपेक्षा चांगली आहे, हे ठरवण्यासाठी जुन्या आवृत्तीवरील मोजमापे आधी घ्यावी लागतात. मोजमापाची जागा, साधन, वाहिनी आणि शक्यतो दिवसाची वेळही दोन्ही वेळी सारखी ठेवली जाते, कारण शेजारच्या घरांतील वाय-फायचा परिणाम वेळेनुसार बदलतो.

इंटरनेटच्या वेगाची चाचणी येथे अपुरी ठरते; तिच्यात सेवादात्याच्या जोडणीची मर्यादाही मिसळलेली असते. म्हणून आयपर्फ३ सारख्या साधनाने घरातील दोन संगणकांमधील वेग मोजला जातो. वेगाइतकाच जोडणीवर भार असतानाचा विलंब महत्त्वाचा असतो. राउटरमध्ये माहितीच्या रांगा गरजेपेक्षा लांब झाल्यास मोठी फाइल उतरवली जात असताना दूरध्वनी संभाषण किंवा ऑनलाइन वर्ग अडखळू लागतो. या दोषास बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस व डेव्ह टाट यांच्या पुढाकाराने चाललेल्या सेरोडब्ल्यूआरटी या प्रायोगिक फर्मवेअरमध्ये, प्रामुख्याने नेटगियरच्या एका राउटर मालिकेवर, त्यावरील उपाय घरगुती जोडण्यांवर तपासले गेले. त्यांपैकी एफक्यू-कोडेल ही रांग हाताळण्याची पद्धत २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत आली आणि पुढे ओपनडब्ल्यूआरटीत मूलभूत पद्धत म्हणून स्वीकारली गेली.

काही दोष काही तासांनी किंवा दिवसांनीच दिसतात. रॅम हळूहळू भरत जाणे, ठरावीक काळाने कूटकळ बदलताना ग्राहक साधने तुटणे आणि एका नोडकडून दुसऱ्याकडे जाताना मोबाइलची जोडणी अडकणे, ही त्यांची उदाहरणे होत. त्यामुळे पुढचा नोड अद्ययावत करण्यापूर्वी आधीचा नोड नेहमीच्या वापरात काही दिवस चालू ठेवला जातो आणि त्याच्या नोंदी तपासल्या जातात.

अपयश व पुनर्प्राप्ती

मांडणी चुकल्याने संपर्क तुटला असेल, तर ओपनडब्ल्यूआरटीचा फेलसेफ प्रकार उपयोगी पडतो. राउटर सुरू होत असताना योग्य क्षणी बटण दाबल्यास तो साठवलेली मांडणी बाजूला ठेवून सुरू होतो आणि तारेने जोडलेल्या संगणकाला १९२.१६८.१.१ या पत्त्यावर भेटतो. हे शक्य होते, कारण ओपनडब्ल्यूआरटीत मूळ प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या विभागात आणि वापरकर्त्याचे बदल त्यावरच्या वेगळ्या थरात साठवलेले असतात.

प्रणालीच सुरू होत नसेल, परंतु बूटलोडर शाबूत असेल, तर अनेक राउटरांवर टीएफटीपीद्वारे नवी फाइल पाठवता येते. काही राउटरांच्या फ्लॅशमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. नवी प्रत सुरू न झाल्यास साधन जुन्या प्रतीकडे वळवता येते. बूटलोडरही बिघडल्यास राउटर उघडून सिरियल जोडणी करणे किंवा फ्लॅश चिप बाहेरून लिहिणे एवढेच उपाय उरतात. अशा निकामी साधनास बोलीभाषेत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, झाले असे म्हणतात. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरमध्ये हा धोका कमी करण्यासाठी लेखनापासून संरक्षित अशी वेगळी पुनर्प्राप्ती फ्लॅश ठेवली आहे.

सामुदायिक नेटवर्कमधील अनुभव

घरगुती मेशमध्ये काही मोजके नोड असतात. फ्रायफुंकच्या स्थानिक नेटवर्कांत मात्र वेगवेगळ्या घरांतील स्वयंसेवकांनी चालवलेले अनेक नोड असतात. बॅटमॅन-अ‍ॅडव्हच्या २०१४.० या आवृत्तीने नोडांमधील संदेशांचा आराखडा बदलला. सुसंगतता क्रमांक १४ असलेले जुने नोड आणि क्रमांक १५ असलेले नवे नोड एकमेकांशी जोडले जाऊ शकत नसल्याने स्थानिक समुदायांना स्थलांतराचे नियोजन करावे लागले.

ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या आणि फ्रायफुंकमध्ये वापरल्या जाणाऱ्या ग्लुऑन या प्रणालीत अद्यतनाच्या शाखा ठेवता येतात. स्थिर, बीटा व प्रायोगिक ही त्यांची रूढ नावे आहेत. ठरावीक संख्येने विकासकांच्या अंकीय स्वाक्षऱ्या असल्याशिवाय नोड नवी आवृत्ती स्वीकारत नाही. शिवाय अद्यतन सर्व नोडांवर एकदम न होता ठरवलेल्या कालावधीत विखुरले जाते; त्यामुळे गंभीर दोष आढळल्यास उरलेले नोड बिघडण्यापूर्वी वितरण थांबवता येते.

सुरक्षा

नव्या फर्मवेअरची चाचणी करताना ते कोठून आले याचीही शहानिशा करावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या मागणीनुसार फर्मवेअर तयार करून देणाऱ्या सेवेतील एक त्रुटी उघड झाली. ही सेवा मागणी ओळखण्यासाठी एसएचए-२५६ मूल्याच्या ६४ पैकी केवळ १२ अक्षरांचा वापर करत होती. त्यामुळे दुसऱ्या मागणीशी जुळणारे मूल्य मुद्दाम घडवून योग्य फाइलच्या जागी घातक फाइल देणे तत्त्वतः शक्य होते. त्रुटी त्वरित दुरुस्त करण्यात आली.

रेडिओविषयक नियम

फर्मवेअर रेडिओची शक्ती व वाहिन्या नियंत्रित करत असल्याने चाचणीस कायद्याची मर्यादा असते. अमेरिकेत २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीने काही राउटर अनुमत मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने चालू शकत असल्याच्या प्रकरणी संघीय दळणवळण आयोगाशी समझोता करून २ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच समझोत्यात त्रयस्थ फर्मवेअर सुरक्षितपणे बसवता यावे यासाठी प्रयत्न करण्याचेही कंपनीने स्वीकारले. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरी विनापरवाना वापरासाठी खुल्या झाल्या. फर्मवेअरमध्ये देश म्हणून भारत निवडल्यास त्यानुसार वाहिन्या व शक्ती निश्चित होतात.

५ गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्यांवर अनेक देशांत रडार ओळखून वाहिनी सोडणे राउटरला बंधनकारक असते. अशी वाहिनी वापरण्यापूर्वी राउटर साधारणपणे किमान ६० सेकंद कानोसा घेतो. मेशचा बॅकहॉल अशा वाहिनीवर असल्यास एका नोडला रडारची चाहूल लागताच सर्व नोडांना वाहिनी बदलावी लागते. नव्या आवृत्तीत हा बदल सर्व नोडांवर एकत्रित होतो का, हे त्यामुळे स्वतंत्रपणे तपासले जाते.

हे सुद्धा पहा

ओपनडब्ल्यूआरटी
फ्रायफुंक
बफरब्लोट
वाय-फाय
लिनक्स