समुद्राचें पाणी गोडें करण्याचा हिशेब

तीन बाजूंस समुद्र असलेल्या नगरांतील गृहिणीनें भर उन्हाळ्यांत नळाखालीं रिकामी घागर ठेवून वाट पाहावी, हा प्रकार मुंबईकरांस नवा नाहीं. पाऊस लांबला आणि तलावांची पातळी उतरूं लागली, म्हणजे कोणीतरी विचारतोच कीं, एवढा समुद्र उशाशीं असतां आपण आभाळाकडे कां पाहावें? प्रश्न रास्त आहे. समुद्राचें पाणी पिण्याजोगें करतां येतें, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. त्यास पैसा किती लागतो, काळ किती लागतो आणि तो निर्णय केव्हां घ्यावा, एवढेंच ठरवावयाचें आहे. या कामीं ऑस्ट्रेलियांतील तीन शहरांचा अलीकडचा इतिहास फार उद्बोधक आहे.

प्रथम कृतीविषयीं दोन शब्द. खारें पाणी उकळून त्याची वाफ थंड करावयाची, ही रीत जुनी आहे. 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखालीं असलेल्या एडन बंदरांत एकोणिसाव्या शतकांत अशींच यंत्रें चालत असत. परंतु त्या रीतीनें इंधन फार जळतें. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघां संशोधकांनीं एक विशेष प्रकारचा पातळ पडदा सिद्ध केला. खारें पाणी मोठ्या दाबानें अशा पडद्यावर लोटलें असतां पाणी पलीकडे जातें आणि मीठ अलीकडे राहतें. आजचे बहुतेक नवे कारखाने याच तत्त्वावर चालतात. समुद्राच्या पाण्यास साठसत्तर वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. घेतलेल्या पाण्यापैकीं निम्म्याहून कमीच गोडें होऊन हातीं येतें, आणि दर हजार लिटरांमागें तीन ते चार युनिट वीज खर्ची पडते.

आतां पहिलें शहर पर्थ. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत 1970 नंतर पावसानें जी ओढ दिली, ती कायमचीच ठरली. धरणांत येणारें पाणी पूर्वीच्या मानानें निम्म्यावर आलें. हा एखाद्या वर्षाचा दुष्काळ नसून ऋतुमानच पालटलें आहे, हें तेथील कारभाऱ्यांनीं ओळखलें. 2004 मध्यें निर्णय झाला, 2005 च्या एप्रिलांत क्विनाना येथें काम सुरू झालें आणि 2006 च्या नोव्हेंबरांत गोडें पाणी वाहूं लागलें. खर्च आला 38 कोटी 70 लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर; वार्षिक क्षमता 4,500 कोटी लिटर. जागा औद्योगिक वसाहतींतील व वीजगृहाच्या शेजारची असल्यामुळें पुष्कळ खर्च वांचला. हा कारखाना तेव्हांपासून शहराच्या नित्य उपयोगांत आला, आणि 2011 मध्यें पर्थच्या दक्षिणेस बिनिंगअप येथें दुसराही उभा राहिला.

दुसरें शहर सिडनी. तेथें 2005 मध्यें बेत जाहीर झाला, लोकांनीं विरोध केला, आणि 2006 मध्यें तो बासनांत गुंडाळून ठेवण्यांत आला. धरणांतील सांठा 30 टक्क्यांवर उतरला तरच काम हातीं घ्यावें, असें ठरलें. 2007 च्या फेब्रुवारींत सांठा 34 टक्क्यांच्या आसपास आला, तेव्हां मात्र सरकारचा धीर सुटला. कॅप्टन कुक 1770 मध्यें ज्या किनाऱ्यावर उतरला, त्याच कर्नेल येथें दररोज 25 कोटी लिटरांचा कारखाना उभारून 2010 च्या जानेवारींत तो सुरू झाला. बॉटनी उपसागराच्या तळाखालून न्यावयाच्या नळासह खर्च झाला 189 कोटी डॉलर. दोनच वर्षांत धरणें तुडुंब भरलीं आणि 2012 मध्यें यंत्रें थांबविण्यांत आलीं. तीं पुन्हां चालू झालीं 2019 मध्यें, धरणें 60 टक्क्यांखालीं गेल्यावर.

तिसऱ्या मेलबर्न शहराची कथा सर्वांत महाग. 2007 च्या जूनांत घोषणा झाली, तेव्हां अंदाज होता 310 कोटी डॉलरांचा. 2009 च्या जुलैंत प्रत्यक्ष करार झाला तो 350 कोटींचा. त्या वर्षीं शहराच्या जलाशयांत सुमारें 26 टक्केच पाणी होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती घाई समजूं शकते. कारखाना वॉन्थॅगी येथें, शहरापासून दूर. पाणी आणण्यास 84 किलोमीटरांचा नळ घालावा लागला. काम 2011 अखेर संपावयाचें, तें 2012 च्या डिसेंबरांत संपलें, आणि विलंबाच्या कारणांत मजुरांच्या तंट्यांबरोबर अतिवृष्टीही होती! दुष्काळावरचा उपाय पावसानेंच अडविला. पुढें 2017 पर्यंत नगरास त्यांतून पाणी घेण्याचें कारण पडलें नाहीं. परंतु पाणी घेतलें नाहीं तरी कंपनीस वार्षिक हप्ता देणें करारानें बंधनकारक होतें, आणि तो बोजा घरोघरच्या पाणीपट्टींत उतरला.

आतां हिशेब मांडूं. वार्षिक क्षमतेच्या दर हजार लिटरांमागें उभारणीचा खर्च पर्थला सुमारें साडेआठ डॉलर, सिडनीला सुमारें एकवीस, आणि मेलबर्नला तेवीसांहून अधिक. विद्या तीच, पडदे तेच. फरक पडला तो जागेचा, नळाच्या लांबीचा, समुद्रांतील बांधकामाचा आणि शेवटच्या दोन ठिकाणीं, माझ्या मतें, घाईचाही. विहीर तहान लागल्यावर खणूं नये, ही आपल्याकडील जुनी शिकवण. परंतु ज्यास तहान लागली आहे त्यास विहिरीचा भाव करण्यास सवड नसते, हा तिचा उत्तरार्ध येथें दिसतो.

तथापि मेलबर्नच्या कारखान्यास केवळ उधळपट्टी म्हणणें अन्यायाचें होईल. 2019-20 सालासाठीं त्याच शहरानें त्याच कारखान्याकडे 12,500 कोटी लिटरांची मागणी नोंदविली. विम्याचा हप्ता भरणाऱ्यास, घरास आग लागली नाहीं म्हणून हप्ता वायां गेला असें वाटतें काय? मात्र विमा किती रकमेचा घ्यावा, हें शांतपणें ठरवावें लागतें.

हा विचार आपल्याही दारीं आलेला आहे. 1860 मध्यें पूर्ण झालेल्या विहारपासून मुंबई आपल्या तलावांवर आणि पर्यायानें मृगावर विसंबून आहे. मनोरी येथें दररोज 20 कोटी लिटरांच्या प्रकल्पासाठीं महापालिकेनें 2021 च्या जूनांत इस्रायलच्या एका कंपनीशीं करार केला. ही मात्रा नगराच्या दैनिक पुरवठ्याच्या सुमारें 5 टक्के भरते. एवढ्यानें सर्वांचीं भांडीं भरणार नाहींत. फुटक्या नळांतून वाहून जाणारें पाणी अडविणें आणि वापरलेलें शुद्ध करून पुन्हां उपयोगांत आणणें, हीं कामें बहुधा यापेक्षां स्वस्त पडतात आणि तीं आधीं हातीं घ्यावींत. तरीही समुद्राकडे वळावयाचें असेल, तर जागा, वीज, नळ आणि कराराचीं कलमें यांची चर्चा तलाव भरलेले असतांनाच व्हावयास हवी, आणि ती तुम्हां आम्हां करदात्यांच्या देखत व्हावयास हवी.